वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर

कौंडण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर. वर्धेच्या तीरावरील या गांवीं श्रीकृष्णाचा रथ कसा आला, ही कथा वऱ्हाडांतील प्रत्येक मुलानें ऐकलेली असते. परंतु श्रीकृष्ण याच नांवाचा मुंबईचा एक तरुण पहिल्या महायुद्धांत विमानांतून लढला, हें थोड्यांसच ठाऊक असेल. त्याचें अल्प चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

श्रीकृष्ण वेलिणकर यांचा जन्म १८९४ सालीं मुंबईस झाला. उच्च शिक्षणासाठीं ते केंब्रिजला गेले. पुढें महायुद्ध पेटलें, तेव्हां त्यांनीं वैमानिक होण्याचा निश्चय केला. विमानविद्या त्या काळीं बाल्यावस्थेंत होती. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणास पंधरा वर्षेंही झालीं नव्हतीं. शिवाय हिंदी मनुष्यास वायुदलांत अधिकारपद देण्यास सरकार नाखूष होतें. प्रथम त्यांस केवळ मेकॅनिकची जागा देऊं करण्यांत आली. त्यांनीं धीर सोडला नाहीं, व अखेर १९१७ सालीं त्यांस अधिकारपद मिळालें. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय व एरल चंदर सेन हे हिंदी तरुणही त्याच वर्षीं वायुदलांत अधिकारी झाले.

१९१८ सालीं वेलिणकर फ्रान्समध्यें तेविसाव्या स्क्वाड्रनमध्यें होते. त्यांचें डॉल्फिन विमान एकट्या माणसाचें. हांकणारा तोच व लढणाराही तोच. २७ जून रोजीं गस्तीस गेलेलें तें विमान परतलें नाहीं. जखमी होऊन ते शत्रूच्या हातीं सांपडले, व ३० जून रोजीं त्यांचा अंत झाला. वय अवघें तेवीस वर्षांचें. त्यांचें थडगें फ्रान्समधील हांगार येथें आहे. शिळेवरील शब्द त्यांच्या मातेनें निवडले. पुत्राचें अखेरचें दर्शनही जिला घडलें नाहीं, त्या माउलीच्या हातीं एवढेंच उरलें होतें!

रॉय यांस मरणोत्तर शौर्यपदक मिळालें. वेलिणकरांस पदक नाहीं, मोठा हुद्दाही नाहीं. परंतु हिंदी तरुण विमान हांकूं शकतो, हें या चौघांनीं सिद्ध केलें. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं भारतीय वायुदल स्थापन झालें. आणि महावीरचक्राचे मानकरी हृषीकेश मुळगांवकर हे १९७६ ते १९७८ पर्यंत त्याचे सेनापति होते. बंद दारावर प्रथम थाप मारणाऱ्यास आंतील आसन लाभतेंच असें नाहीं. पण मागून येणाऱ्यांनीं त्याचें नांव विसरूं नये, एवढेंच आमचें विद्यार्थ्यांस सांगणें आहे.