क्यूच्या टोकावरचा जगज्जेता

वसई (प्रतिनिधी) - घरच्या लेथवर क्यू दुरुस्त करू पाहणाऱ्या वसई-विरारच्या हौशी खेळाडूंना विल्सन जोन्स हे नाव ठाऊक असायलाच हवे. १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या जोन्स यांनी १९५० मध्ये राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद पटकावले. पुढे हा मान त्यांना एकूण १२ वेळा मिळाला. १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते ठरले. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी हा पराक्रम पुन्हा केला. क्रिकेटवेड्या देशाला त्याचे अप्रूप तसे बेताचेच!

या खेळाची सारी मदार क्यूच्या टोकावरील जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीच्या चामडी टिपवर असते. तिच्याखालची पितळी कडी सैल झाली की नेम ढळतो. सुमारे पावणेपाच फुटांचा क्यू लहान लेथवर मावत नाही. तो पोकळ स्पिंडलमधून आरपार घालून, मागील टोकाला आधार देऊन फिरवावा लागतो. लाकडाला मात्र हत्यार लागू देऊ नये. निमुळतेपणा बदलला, तर वर्षानुवर्षे बसलेला हात बिघडतो.

१९६५ मध्ये 'पद्मश्री' लाभलेले जोन्स पुढे प्रशिक्षक झाले. १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.