घटक ३ : शंकर पुरुषोत्तम आघारकर आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी

३.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या जीवनाचा आढावा घेणे.
• महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या स्थापनेमागील प्रेरणा आणि तिच्या आरंभीच्या कारभाराचे स्वरूप सांगणे.
• व्यक्तीचे चरित्र आणि संस्थेचे चरित्र यांतील संबंध स्पष्ट करणे.

३.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, चरित्र म्हटले की आपल्यासमोर सामान्यतः लढवय्या, समाजसुधारक, संत किंवा साहित्यिक उभा राहतो. शास्त्रज्ञाचे चरित्र मराठीत त्या मानाने कमी लिहिले गेले. जी लिहिली गेली, त्यांत शोधाच्या क्षणाला महत्त्व मिळाले. शोध ज्या संस्थांमुळे शक्य होतात, त्या उभारणाऱ्यांना फारसे स्थान मिळाले नाही. प्रस्तुत घटकात आपण अशा एका संस्थापकाचे चरित्र अभ्यासणार आहोत.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था गोपाळ गणेश आगरकर पथावर आहे. ‘ग’ आणि ‘घ’ यांत केवळ महाप्राणत्वाचा भेद असल्यामुळे अनेकांची अशी समजूत होते की, संस्था आणि रस्ता या दोहोंना एकाच व्यक्तीचे नाव दिले आहे. वस्तुतः या दोन भिन्न व्यक्ती होत. सुधारककर्ते आगरकर १८९५ मध्ये निवर्तले, त्या वेळी वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकर अवघे दहा-अकरा वर्षांचे होते. थोड्याशा ध्वनिभेदाने एका माणसाची ओळख दुसऱ्याच्या नावाखाली झाकली जावी, हेही त्यांच्या वाट्याला आलेल्या विस्मृतीचे एक कारण म्हणता येईल.

३.२ जडणघडण

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणातील मालवण येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले. १९०९ मध्ये त्यांनी एम. ए. ही पदवी संपादन केली आणि पुढे त्याच महाविद्यालयात ते जीवशास्त्राचे अध्यापन करू लागले. एल्फिन्स्टनच्या परिसराला ज्ञानप्रसाराची जुनी परंपरा होती. १८४८ मध्ये तेथील शिक्षक व विद्यार्थी यांच्या पुढाकाराने ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली होती आणि तिच्या मराठी शाखेत शास्त्रीय विषयांवर निबंध वाचले जात.

आघारकरांचा ओढा मात्र वर्गापेक्षा रानाकडे अधिक होता. सह्याद्रीच्या डोंगररांगांत हिंडून ते वनस्पती व प्राणी यांचे नमुने गोळा करीत. या भ्रमंतीत सातारा परिसरातील कृष्णेच्या उपनद्यांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील एक लहानशी जेलीफिश आढळली. जेलीफिश हा बहुतांशी समुद्रात राहणारा प्राणी होय. गोड्या पाण्यातील तिचा हा गट तोवर आफ्रिकेतील टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणांहूनच ज्ञात होता. त्यामुळे हा शोध केवळ एका नव्या प्राण्याचा नव्हता. भारत आणि आफ्रिका यांच्या प्राणिजीवनातील नात्याचा प्रश्न त्यातून पुढे येत होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि आघारकरांनी त्याच्या आढळाविषयी व सवयींविषयी १९१२ मध्ये निबंध लिहिला. तिशी गाठण्यापूर्वीच त्यांचे नाव शास्त्रीय जगात पोहोचले.

३.३ कलकत्ता आणि बर्लिन

याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात एक महत्त्वाची घडामोड होत होती. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांना विद्यापीठात उच्च विज्ञानशिक्षणाचे स्वतंत्र केंद्र हवे होते. शासन पुरेसा निधी देत नव्हते. तेव्हा दोन नामांकित वकिलांनी आपली संपत्ती विद्यापीठाच्या स्वाधीन केली. १९१२ मध्ये तारकनाथ पालित यांची आणि १९१३ मध्ये रासबिहारी घोष यांची देणगी मिळाली. घोष यांची देणगी दहा लाख रुपयांची होती. तिच्यातून निर्माण झालेल्या प्राध्यापकपदांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी, अशी अट होती. या पदांपैकी एक पद वनस्पतिशास्त्राचे होते आणि त्यात शेतीशी निगडित अभ्यासाला विशेष स्थान होते. या पदासाठी मुंबई इलाख्यातील तरुण आघारकरांची निवड झाली.

पदभार पूर्णपणे स्वीकारण्यापूर्वी उच्च अध्ययनासाठी ते १९१४ मध्ये जर्मनीस गेले. बर्लिनमध्ये आडोल्फ एंगलर या ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे काम सुरू होते न होते तोच पहिले महायुद्ध भडकले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असल्यामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना काही काळ स्थानबद्ध राहावे लागले. त्यांचे सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्रमोहन बसू हेही याच काळात जर्मनीत अडकून पडले होते. पारतंत्र्यातील माणसाने आपल्या राज्यकर्त्यांच्या नावावर परक्या देशात अटक भोगावी, असा हा विचित्र योग होता. तथापि आघारकरांनी अध्ययन सोडले नाही. वायव्य भारतातील कोरड्या प्रदेशातील वनस्पतींचा प्रसार कसा होतो व त्या मूळच्या कोठल्या, या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि युद्ध संपल्यानंतर ते कलकत्त्यास परतले. पुढे १९४६ पर्यंत, म्हणजे सुमारे पाव शतक, ते तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

३.४ संस्थाजीवनाचे शिक्षण

कलकत्त्याने आघारकरांना संशोधनाखेरीज आणखी एक गोष्ट दिली : संस्था कशी चालते, याचा प्रत्यक्ष अनुभव. ते अनेक वर्षे इंडियन सायन्स काँग्रेसच्या कार्यात अग्रभागी होते. १९३५ मध्ये कलकत्त्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया ही अखिल भारतीय विज्ञान अकादमी स्थापन झाली. भूगर्भशास्त्रज्ञ लुईस फर्मर हे तिचे पहिले अध्यक्ष आणि आघारकर हे आरंभीच्या सचिवांपैकी एक. हीच संस्था आज इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी या नावाने ओळखली जाते. सचिवाचे काम दिसावयास साधे असते : पत्रव्यवहार, कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त, निवडणुका, हिशेब. परंतु संस्थेचे सातत्य याच कामावर अवलंबून असते.

त्याच शहरात दुसऱ्या प्रकारची एक संस्था होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स स्थापन केली. अकादमी ही निवडक विद्वानांची सभा असते. ही संस्था मात्र सामान्य नागरिकांना विज्ञानाचे आश्रयदाते बनवीत होती आणि स्वतःची प्रयोगशाळाही चालवीत होती. १९०७ मध्ये अर्थखात्यातील तरुण अधिकारी चंद्रशेखर वेंकट रामन कचेरीची वेळ सोडून तेथे प्रयोग करू लागले आणि त्यांच्या ज्या संशोधनास पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच प्रयोगशाळेत झाले. मात्र १९३४ मध्ये सभासदत्व आणि कारभार यांवरून तेथे तीव्र वाद झाला व रामन यांना तिचे सचिवपद सोडावे लागले. आघारकर त्या वेळी कलकत्त्यातच होते. लोकाश्रयावरील संस्था केवढे कार्य करू शकते आणि नियमांवरून मतभेद झाले तर तीच संस्था कशी हादरते, या दोन्ही गोष्टी त्यांच्या समोर घडल्या.

३.५ महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना

१९४६ मध्ये आघारकर निवृत्त झाले. वय बासष्टीच्या उंबरठ्यावर होते. मानाच्या पदावरून उतरलेल्या माणसाने उर्वरित आयुष्य लेखन-वाचनात घालविले असते तरी कोणी दोष दिला नसता. ते पुण्यास आले आणि त्याच वर्षी काही शास्त्रज्ञ व विद्याप्रेमी नागरिकांच्या सहकार्याने त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली.

तत्कालीन पुण्याची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. इतिहास, संस्कृत व प्राच्यविद्या यांसाठी तेथे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था यांसारखी भक्कम केंद्रे होती. कृषी महाविद्यालय आणि हवामान खाते होते. ती सरकारी होती. पुणे विद्यापीठ अद्याप स्थापन व्हावयाचे होते आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू व्हावयाची होती. निसर्गविज्ञानात मूलभूत संशोधन करणारी, लोकांच्या पुढाकाराने चालणारी स्वतंत्र संस्था नव्हती. ही उणीव भरून काढणे, हा विज्ञानवर्धिनीचा हेतू होता.

नावाकडेही लक्ष द्यावे. इंग्रजी नाव कलकत्त्याच्या संस्थेच्या धर्तीवर आहे. मराठी नावात ‘कल्टिव्हेशन’ या शब्दासाठी मशागत किंवा जोपासना न घेता ‘वर्धिनी’ हे संस्कृत ‘वृध्’ धातूपासून आलेले स्त्रीलिंगी रूप योजले आहे. म्हणजे विज्ञान वाढविणारी. संस्था ही कर्ती आहे, असा भाव त्यातून व्यक्त होतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. मराठी भाषकांचे राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. त्याच्या चौदा वर्षे आधी, मुंबई इलाख्याच्या काळात, या संस्थेने तो प्रदेश आपल्या नावात धारण केला होता.

३.६ आरंभीचा कारभार

विज्ञानवर्धिनीची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली झाली. या कायद्याचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त आहे. किमान सात व्यक्तींनी उद्दिष्टांच्या ज्ञापनावर सह्या करून संस्था स्थापन करता येते. नियमावली दाखल करावी लागते. कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या सदस्यांची यादी दरवर्षी सादर करावी लागते. संस्था विसर्जित झाली तरी शिल्लक मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. याचा अर्थ असा की, संस्थापक हा संस्थेचा मालक नसतो. आपण गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेस गेला असाल, तर सभा, मंडळ, हिशेब आणि इतिवृत्त या गोष्टी आपणांस परिचित असतील. फरक एवढाच की, तेथे सभासदाला घर मिळते. येथे त्याला स्वतःसाठी काहीच मिळत नाही.

आरंभी संस्थेजवळ स्वतःची वास्तू नव्हती. पुण्याच्या विधी महाविद्यालयाच्या आवारात तिला आसरा मिळाला. कायद्याच्या शिक्षणसंस्थेने विज्ञानाला जागा द्यावी, हे तत्कालीन पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचे वैशिष्ट्य होय. आघारकर संस्थापक-संचालक झाले आणि हे पद त्यांनी अखेरपर्यंत मानद म्हणून, वेतन न घेता सांभाळले. ज्यांनी कलकत्त्यात लाखोंच्या देणगीवर उभे राहिलेले विभाग पाहिले होते, त्यांना येथे अपुऱ्या साधनांनिशी पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली.

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. ज्या संस्थेचा संस्थापक हाच संचालक, मार्गदर्शक आणि प्रतिष्ठेचा आधार असतो, ती त्याच्या पश्चात टिकते का? आपल्याकडील कितीतरी मंडळे, नियतकालिके आणि ग्रंथालये एका व्यक्तीबरोबर उभी राहिली आणि तिच्याबरोबरच संपली. २ सप्टेंबर १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य चार महिन्यांचे असताना, आघारकरांचे पुण्यात निधन झाले आणि विज्ञानवर्धिनीची खरी कसोटी तेव्हा सुरू झाली.

संस्था त्या कसोटीस उतरली. पुढे तिला केंद्र शासनाचे अनुदान मिळू लागले. वनस्पती व कवके यांचा नमुनासंग्रह वाढला. गहू, सोयाबीन व द्राक्ष या पिकांवर संशोधन झाले आणि संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांनी, म्हणजे ‘एमएसीएस’ या नावाने, गहू व सोयाबीनचे वाण शेतकऱ्यांच्या शेतात पोहोचले. १९९२ मध्ये संशोधन संस्थेस आघारकरांचे नाव देण्यात आले. विज्ञानवर्धिनी ही तिची मातृसंस्था म्हणून कायम राहिली. संस्थापकाचे नाव संस्थेला मिळण्यास त्याच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षे जावी लागली, ही बाब त्यांच्या कार्यपद्धतीशी सुसंगतच आहे.

३.७ समारोप

आघारकरांच्या कार्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. विज्ञानवर्धिनीच्या संशोधनाची भाषा प्रामुख्याने इंग्रजी राहिली. विज्ञान मराठीतून सामान्य जनांपर्यंत नेण्याचे कार्य १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने प्राधान्याने हाती घेतले. ज्ञाननिर्मिती आणि ज्ञानप्रसार ही दोन कामे परस्परपूरक असली तरी एकच नव्हेत, हे यावरून ध्यानात येते.

तरुणपणी सापडलेल्या एका प्राण्याने आघारकरांना कीर्ती दिली. तथापि त्यांचे नाव आज टिकून आहे ते उतारवयात त्यांनी उभारलेल्या संस्थेमुळे. शोधाला प्रतिभा लागते. संस्थेला नियम, हिशेब, सहकारी आणि स्वतःस बाजूस ठेवण्याची तयारी लागते. संस्थापकाचे चरित्र वाचताना त्याने काय मिळविले याबरोबरच त्याच्या पश्चात काय चालू राहिले, हेही पाहावे लागते.

३.८ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. आघारकरांच्या कलकत्त्यातील अनुभवाचा विज्ञानवर्धिनीच्या स्थापनेशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. विद्वानांची अकादमी आणि लोकाश्रयावरील विज्ञानसंस्था यांतील भेद सोदाहरण सांगा.
३. ‘विज्ञानवर्धिनी’ या शब्दाची घडण सांगून ‘वर्धक’, ‘संवर्धन’ व ‘वृद्धी’ या शब्दांशी तिचा संबंध दाखवा.
४. उपक्रम : अंबरनाथ पश्चिम, उल्हासनगर किंवा बदलापूर येथील आपल्या परिचयाच्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयास किंवा मंडळास भेट द्या. त्याची स्थापना कोणी केली, कारभार कोणत्या नियमांनी चालतो आणि संस्थापकांच्या पश्चात तो कोणी पुढे नेला, याची माहिती घेऊन सुमारे ३०० शब्दांत त्या संस्थेचे चरित्र लिहा.