एक्सप्लेनर : जॅको पास्टोरियसची गिटार गाते कशी?

‘वेदर रिपोर्ट’ या अमेरिकन जॅझ-रॉक बँडच्या ‘हेवी वेदर’ (१९७७) अल्बममध्ये बास गिटार चक्क गाते. ती जॅको पास्टोरियसची. फुटबॉल खेळताना मनगट दुखावलं आणि फ्लोरिडातला हा पोरगा ड्रम सोडून बासकडे वळला. दांड्यावरचे फ्रेट काढलेल्या बासच्या खाचा त्याने बुजवल्या. तारांनी लाकूड खरवडू नये म्हणून वर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं. (कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शोभेल असा जुगाड!) फ्रेट नाहीत म्हणून बोट घसरवत मींड घेता येते, लेप कडक, त्यामुळे सूर रेंगाळतो.

१९७६ मध्ये तो बँडमध्ये आला. पुढे बायपोलर आजार, दारू, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मुक्काम. १९८६ मध्ये ती गिटारही चोरीला गेली. सप्टेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लबबाहेर बेदम मारहाण झाली, तो कोमात गेला आणि परतला नाही. वय ३५. गिटार सापडली, चोरीनंतर जवळपास दोन दशकांनी.