बाळाच्या हट्टी बद्धकोष्ठतेला ज्यांचं नाव मिळालं, ते डॉ. हिर्शस्प्रंग

तान्ह्या बाळाला दोन दिवस शी झाली नाही की सोलापुरात काय किंवा साताऱ्यात काय, घरात आधी गुटी आणि एरंडेल निघतं. बहुतेक बाळांचा त्रास साधाच असतो. पण काहींचा कशानेच जात नाही. हा वेगळाच आजार आहे, हे जगापुढे ठळकपणे मांडलं डेन्मार्कच्या एका डॉक्टरने.

हराल्ड हिर्शस्प्रंग यांचा जन्म १८३० चा, कोपनहेगनचा. घरचा तंबाखूचा कारखाना होता, पण ते लहान मुलांचे डॉक्टर झाले. १८७९ पासून तिथल्या राणी लुईस बालरुग्णालयाचे ते प्रमुख होते.

१८८६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी दोन बाळांची केस मांडली. जन्मापासून शी होत नव्हती, पोट फुगत गेलं आणि वर्षाच्या आतच दोघंही दगावली. तपासणीत मोठं आतडं प्रचंड फुगलेलं दिसलं. दोष तिथेच आहे, असं त्यांना वाटलं.

१९१६ मध्ये ते गेले. खरा दोष नंतर कळला. तो होता फुगलेल्या भागाच्या खाली. तिथे आतड्यात चेतापेशीच नसतात, म्हणून शी पुढे सरकत नाही. १९४८ मध्ये ऑर्वर स्वेन्सन यांनी तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया जगासमोर आणली.

साधारण ५,००० बाळांमागे एकाला हा आजार होतो. पहिल्या ४८ तासांत काळी शी झाली नाही, पोट टम्म फुगलं किंवा हिरवी उलटी झाली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा.