बालपणाच्या बाजूने उभी राहिलेली डॉक्टर
(द्वितीय वर्ष, कला)

मुलावर उगारलेला हात सर्वांना दिसतो. पण सनई-चौघडे वाजवून, अक्षता टाकून केलेला अत्याचार कोणाला दिसत नाही. तोही अत्याचारच आहे, हे आपल्या जगण्यातून दाखवून देणारी स्त्री म्हणजे डॉ. रखमाबाई राऊत.

त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. त्या मात्र नांदायला न जाता सावत्र वडिलांच्या घरीच वाचत, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दर्शविली! ‘केसरी’ने त्यांच्यावर टीकेची झोड उठविली; पंडिता रमाबाईंनी त्यांची बाजू घेतली. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. ज्या वयात इतर मुली बाळंतपणात दगावत, त्या वयात वाचलेली ही मुलगी आता इतरांना वाचवीत होती.

त्यांच्या खटल्याने पेटलेल्या वादात कलकत्त्याच्या फुलमणी दासीच्या मृत्यूची भर पडली. दहा-अकरा वर्षांची ती पोर नवऱ्याच्या बळजबरीने दगावली होती. १८९१ मध्ये कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले; आज ते अठरा आहे. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी निवर्तल्या.

गोरेगावातल्या आमच्या चाळीत माझी आजी आपल्या लग्नाचे वय सांगत नाही. लुगडे सावरता येत नव्हते, एवढेच सांगते. तिच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली मुलगी. कायदा पुस्तकात असतो, पण लग्न घरात ठरते. म्हणून शेजारच्या एखाद्या मुलीची शाळा अचानक सुटली, तर तिच्या घरी जाऊन विचारणे हे आपले काम आहे. रखमाबाईंचे खरे स्मरण तेच!