देश मागितला, पण मतपेटीतूनच: क्युबेकचे रेने लेव्हेक

भाषेसाठी वेगळं व्हायचं, की मोठ्या घरात राहूनच आपलं राखायचं? सीमाभागातल्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे तो राज्यांच्या हद्दीपुरता राहिला. कॅनडातल्या फ्रेंच भाषिक क्युबेक प्रांतात तो थेट वेगळ्या देशापर्यंत गेला. तिथे तो मतपेटीपर्यंत नेणारे नेते म्हणजे रेने लेव्हेक.

लेव्हेक यांचा जन्म २४ ऑगस्ट १९२२ चा. जन्मले शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या कॅम्पबेल्टनच्या रुग्णालयात, वाढले मात्र क्युबेकमधल्या न्यू कार्लाइल गावात. चंदगडची बाळंतीण बेळगावच्या दवाखान्यात यावी, तसाच प्रकार. प्रांतात फ्रेंच बहुसंख्य, पण या गावात वरचष्मा इंग्रजांचा. त्यामुळे दोन्ही भाषा त्यांना लहानपणापासून सारख्याच येत. वडील वकील होते. रेने चौदा वर्षांचे असताना ते गेले. पुढे रेने यांनी लावाल विद्यापीठात कायद्याला नाव घातलं, पण पदवी काही घेतली नाही. ओढा होता रेडिओकडे.

दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या फौजेत न जाता अमेरिकन लष्कराबरोबर वार्ताहर म्हणून युरोपात गेले. १९४५ साली दाखाऊची छळछावणी मुक्त झाली तेव्हा तिथलं दृश्य त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. वंशाच्या अभिमानाचं टोक कुठे पोहोचतं, हे त्यांना तिथे कळलं. नंतर स्वतः राष्ट्रवादी नेते झाले, तरी माथेफिरूपणाची त्यांना कायम धास्ती वाटली.

फळा, खडू आणि टीव्ही

१९५६ पासून रेडिओ-कॅनडाच्या फ्रेंच टीव्हीवर त्यांचा जागतिक घडामोडींचा कार्यक्रम सुरू झाला. फळ्यावर नकाशा काढायचा, हातात छडी घ्यायची आणि सुएझचा पेच शाळामास्तरासारखा समजावून सांगायचा. बुटका बांधा, घोगरा आवाज, बोटांत सतत सिगारेट. घराघरांत ते ओळखीचे झाले.

१९५८ च्या डिसेंबरअखेर फ्रेंच वाहिनीच्या निर्मात्यांनी संप केला. तो दोन महिन्यांहून जास्त चालला. लेव्हेक संपात उतरले, त्यांना अटकही झाली. फ्रेंच प्रसारण ठप्प होतं, तरी ओटावातल्या केंद्र सरकारने फारशी हालचाल केली नाही. इंग्रजी वाहिनी बंद पडली असती तर दिल्लीकरांसारखे हे ओटावावालेही एका दिवसात जागे झाले असते, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं.

१९६० मध्ये ते लिबरल पक्षातर्फे प्रांताच्या विधानसभेत निवडून आले आणि ज्यां लेसाज यांच्या सरकारात मंत्री झाले. वीज कंपन्या तेव्हा खासगी, आणि वरच्या जागांवर कारभार इंग्रजीत. वीज सार्वजनिक मालकीची करायची हा लेव्हेक यांचा हट्ट. १९६२ ची निवडणूकच त्या मुद्द्यावर लढली गेली. १९६३ मध्ये अकरा खासगी कंपन्या हायड्रो-क्युबेकच्या ताब्यात आल्या. फ्रेंच इंजिनिअरला आपल्याच भाषेत मोठं धरण बांधता येतं, हे लोकांनी पाहिलं.

पक्ष सोडला, पक्ष काढला

ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांनी लिबरल पक्ष सोडला. वर्षभराने पार्टी क्युबेक्वा हा पक्ष उभा राहिला. त्यांची मागणी अशी: कायदे, कर आणि परराष्ट्र व्यवहार क्युबेकचे स्वतःचे, पण चलन आणि बाजार कॅनडाशी सामाईक.

पहिली वर्षं खडतर गेली. १९७० मध्ये पक्षाला २३ टक्के मतं पडली, जागा मिळाल्या १०८ पैकी फक्त ७. लेव्हेक स्वतःच हरले. १९७३ लाही हरले. त्यातच ऑक्टोबर १९७० मध्ये एका सशस्त्र गटाने ब्रिटिश अधिकारी जेम्स क्रॉस आणि प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांचं अपहरण केलं. लापोर्त यांचा खून झाला. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी युद्धकाळातला कायदा लावला, शेकडो लोक विनाचौकशी आत गेले. लेव्हेक यांनी सरकारच्या धरपकडीवर टीका केली आणि खुनाचाही स्पष्ट निषेध केला. ध्येय एकच असलं तरी बंदुकवाल्यांशी आपलं नातं नाही, हे त्यांनी ऐन कठीण काळात सांगितलं. पक्ष टिकला तो यामुळेच.

१५ नोव्हेंबर १९७६ ला ११० पैकी ७१ जागा जिंकून ते मुख्यमंत्री झाले. कंपन्या आणि कामगार संघटनांकडून पक्षांनी देणग्या घेण्यावर त्यांनी १९७७ मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी कामिय लोरँ या मंत्र्यांनी आणलेला भाषा कायदा झाला. नोकरी, शाळा, दुकानाची पाटी, सगळीकडे फ्रेंच आली. स्वतः लेव्हेक या कायद्यावर पूर्ण खूश नव्हते. आपली भाषा जगवायला सक्ती करावी लागते, याचीच त्यांना लाज वाटे.

इथे सीमाभागातल्या माणसाने जरा थांबावं. क्युबेकचे फ्रेंच कॅनडात अल्पसंख्य, म्हणून आपण त्यांच्या जागी स्वतःला पाहतो. पण पाटीचा प्रश्न आला की बेळगावचा मराठी दुकानदार उभा असतो तो मॉन्ट्रियलमधल्या इंग्रजी दुकानदाराच्या जागी. तिथल्या फक्त फ्रेंच पाट्यांच्या सक्तीला १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. एकाच कायद्यात एकाचं संरक्षण आणि दुसऱ्याची अडचण असते.

२० मे १९८०

त्या दिवशी मतदान झालं. प्रश्नही थेट फुटून निघण्याचा नव्हता, कॅनडाशी वाटाघाटी करण्याचा अधिकार द्याल का, एवढाच होता. पुढचा बदल पुन्हा लोकांना विचारूनच होणार होता. समोर होते ट्रुडो, तेही मॉन्ट्रियलचे, फ्रेंच बोलणारे. नवी राज्यघटना देण्याचं आश्वासन त्यांनी दिलं. पेन्शनचं काय, पेट्रोल महागेल का, ही काळजी घरोघरी होतीच. जवळजवळ ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं.

लेव्हेक यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला. फेरफाराचा आरोप नाही, बंदची हाक नाही. पुढच्याच वर्षी त्याच मतदारांनी त्यांना १२२ पैकी ८० जागा देऊन परत मुख्यमंत्री केलं. माणूस हवा, पण फाळणी नको, असा तो कौल होता.

नोव्हेंबर १९८१ मध्ये राज्यघटनेच्या वाटाघाटींत ते नदीपलीकडे मुक्कामी असताना रातोरात बाकी नऊ प्रांत आणि केंद्राची तडजोड झाली. सकाळी त्यांना कळलं. १९८२ ची घटना क्युबेकच्या संमतीशिवायच लागू झाली. पुढे त्यांनी नव्या केंद्र सरकारशी जुळवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा स्वतःचेच मंत्री सोडून गेले. १९८५ मध्ये पायउतार झाले. १ नोव्हेंबर १९८७ ला हृदयविकाराने गेले. १९९५ मध्ये पुन्हा मतदान झालं, तेव्हा वेगळं होण्याचा ठराव एका टक्क्याहून थोड्याच जास्त मतांच्या फरकाने पडला.

आपल्याकडे १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात विलीनीकरणावर जनमत कौल झाला. ज्यांची बाजू पडली, त्यांनीही तो मानला. बेळगावकरांना असं मतदान करून कधी कुणी विचारलं नाही. १ नोव्हेंबर इथे एका घरी उत्सवाचा, दुसऱ्या घरी काळ्या दिवसाचा. लेव्हेक यांच्या आयुष्यातून घ्यायचं तर हे: लोकांना विचारायची हिंमत हवी, आणि उत्तर मनाविरुद्ध आलं तर ते पचवायचीही.

मॉन्ट्रियलच्या डॉर्चेस्टर रस्त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. हायड्रो-क्युबेकचं मुख्यालय त्याच रस्त्यावर आहे. हाच रस्ता पुढे इंग्रजीबहुल वेस्टमाउंटच्या हद्दीत शिरतो, तिथे पाटीवर अजून डॉर्चेस्टरच आहे.