शब्दांच्या शोधात निघालेला कप्तान : मोल्सवर्थ

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की सीमाभागातील घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. मुलाला इंग्रजी वाचता येते, पण जड शब्द आला की तो अडतो. मग बाजारातून शब्दार्थांची पुस्तिका येते आणि पाठांतर सुरू होते. आज घोकलेला शब्द आठ दिवसांत विसरला जातो. अशा वेळी आम्हाला आठवण होते ती जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांची. आपली मुले मराठीतून इंग्रजीकडे निघतात. हा माणूस इंग्रजीतून मराठीकडे आला आणि त्याने शब्द शिकावा कसा, याचा धडाच घालून दिला.

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. शालेय शिक्षण इंग्लंडातील एक्सेटर येथे झाले. मिसरूड फुटण्याच्या वयात, सोळाव्या वर्षीच, ते कंपनी सरकारच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठी मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. राज्य चालवायचे तर रयतेची भाषा समजली पाहिजे, आणि साहेबांच्या हाती धड शब्दकोश नव्हता. सोलापूरच्या छावणीत असताना मोल्सवर्थ यांनी मराठी शब्द टिपून ठेवायला सुरुवात केली. टॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी हे जुळे बंधू त्यांना या कामात सोबती मिळाले.

पुढे सरकारने हे काम अधिकृतपणे हाती घेतले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आदी शास्त्रीमंडळी शब्द जमवू लागली. या शास्त्र्यांचा मराठी-मराठी कोश १८२९ मध्ये निघाला आणि मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत छापला गेला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते.

या कोशाची थोरवी नुसत्या आकड्यात नाही. पोथीतला संस्कृत शब्द तेवढा शुद्ध आणि कुणब्याच्या तोंडचा अशुद्ध, असा भेद त्यांनी मानला नाही. शेतातला, स्वयंपाकघरातला, बाजारातला शब्द त्यांनी मानाने आत घेतला. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, अरबीतून की हिंदीतून, याची खूण केली. एका मराठी शब्दाच्या जितक्या छटा, तितके इंग्रजी अर्थ दिले. राग, संताप, चीड आणि रुसवा या चार गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्याला न शिकवता कळते. पण रुसव्याला इंग्रजीत नेमका एक शब्द शोधून पाहा! अशा अडचणीच्या जागी मोल्सवर्थ लांबलचक खुलासा लिहितात. शब्दाला शब्द चिकटवून ते कधी मोकळे झाले नाहीत.

त्यानंतर इंग्रजी-मराठी कोशाचे काम सुरू झाले. पण प्रकृती ढासळल्याने १८३६ मध्ये मोल्सवर्थ मायदेशी परतले. ते काम टॉमस कँडी यांनी नेटाने तडीस नेले आणि १८४७ मध्ये तो कोश बाहेर पडला. धर्मनिष्ठ मोल्सवर्थ यांना शिपाईगिरी आपल्या श्रद्धेत बसत नाही असे वाटले आणि त्यांनी लष्करी नोकरीही सोडली. शब्दांची नोकरी मात्र सुटली नाही. सरकारच्या बोलावण्यावरून १८५१ मध्ये ते पुन्हा आले, जुना कोश तपासला, वाढवला. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा शब्दसंख्या ६० हजारांच्या घरात गेली होती. लोक त्यांना प्रेमाने मोलेसरशास्त्री म्हणू लागले. परक्या मुलखातील कप्तानाला शास्त्री ही पदवी लोकांनी दिली, याहून मोठा सन्मान कोणता?

या कोशाशी आपल्या बेळगावचेही नाते आहे. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी मोल्सवर्थ यांच्या भल्या मोठ्या ग्रंथाचा संक्षेप करून १८६३ मध्ये तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. स्वतः मोल्सवर्थ १८६० मध्ये कायमचे इंग्लंडला गेले आणि १८७१ मध्ये वारले. त्यांचा कोश मात्र १९७५ मध्ये पुण्यात पुन्हा छापला गेला आणि आज तो संगणकावरही पाहता येतो.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. आपल्या खेड्यातील मूल घरी मराठी बोलते, कचेरीत कानडी वाचते आणि कॉलेजात इंग्रजीशी झुंजते. तीन भाषांचे हे ओझे खरेच आहे. पण इंग्रजी यावी म्हणून मराठी बाजूला सारण्याची जी घाई काही पालक करतात, ती उलटी वाट आहे. ज्याला चीड आणि रुसवा यांतला फरक आपल्या भाषेत नीट कळतो, त्यालाच इंग्रजी शब्दांची छटा पकडता येते. ज्याच्याजवळ मूळचाच शब्द नाही, तो अर्थ कशाला बांधणार? मोट, नाडा हे शब्द आज आपल्या पोरांच्या कानांवरून गेले आहेत. ते मोल्सवर्थ यांच्या कोशात सापडतात, ही समाधानाची गोष्ट आणि लाजेचीही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलाला रोज पाच इंग्रजी शब्द जरूर शिकवा. पण प्रत्येक शब्दासाठी आजीच्या बोलीतला नेमका मराठी शब्द कोणता, हे आजीलाच विचारायला लावा. वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहू द्या. सोलापूरच्या छावणीत एका परक्या तरुणाने याच रीतीने सुरुवात केली होती. आपल्याला तर भाषा घरचीच आहे.